दसरा लांबला आणि साइट गेली

आजही कोणी मला विचारतं की स्वतःची वेबसाइट सुरू केली आहे, ती सांभाळायची कशी, तेव्हा मी आधी मुदतीच्या तारखांबद्दल बोलतो. रंग, चित्रं, अक्षरं हे सगळं नंतर. साइटचं नाव कोणत्या तारखेला संपतं, तिची इंटरनेटवरची भाड्याची जागा कोणत्या तारखेला संपते, आणि या दोन्हींची आठवण करून देणारी मेल कोणाच्या पेटीत येते, एवढं आधी सांगा म्हणतो. लोकांना हे रुक्ष वाटतं. माझ्यासाठी ते रुक्ष नाही, कारण या तीन गोष्टींपायी मी एका माणसाचा मोठा अपराध केला आहे.

दोन हजार साली गंगापूर रोडला पहिल्या मजल्यावर माझा एक गाळा होता. सकाळी कॉम्प्युटरचे वर्ग, दुपारी लग्नपत्रिका आणि बिलबुकं. त्यात वेबसाइट बनवायचं मी स्वतःच पुस्तकं वाचून शिकलो. नाशकात तेव्हा हे काम करणारे थोडेच होते, त्यामुळे मला स्वतःबद्दल फार वाटायचं.

दोन वर्षांनी, नामपूरच्या शाळेत मला मराठी शिकवणारे सर जिना चढून दुकानात आले. निवृत्त झाले होते, हातात कापडी पिशवी होती. पिशवीतून त्यांनी चार वह्या काढल्या. चारही वह्यांत आमच्या बागलाणातले अहिराणी शब्द होते. शेतातले, चुलीपुढचे, भांडणातले, लाडाचे. प्रत्येकासमोर अर्थ आणि तो कोणत्या गावात ऐकला ते, सुवाच्य अक्षरात.

मला हसू आलं, कारण याच सरांनी आमच्या तोंडून हे शब्द घालवले होते. वर्गात कोणी 'आहे'च्या ऐवजी 'शे' म्हटलं की सर त्याला उभं करायचे. त्यांचं म्हणणं एकच असायचं, की हे असं बोललात तर नाशकात तुम्हाला कोणी दारात उभं करणार नाही. मी ते मनावर घेतलं होतं. शहरात माझं बोलणं ऐकून कोणी माझं गाव ओळखत नसे आणि त्याचं श्रेय मी सरांनाच देत असे.

त्यांना मात्र त्याचं ओझं झालं होतं. आपले लोक सुरतेला, मुंबईला, परदेशात गेलेत, त्यांच्याकडे आपल्याला माहीत नसलेले शब्द असतील, ते मागवता येतील का, असं त्यांनी विचारलं. येतील म्हणालो. मग त्यांनी वहीचं पहिलं पान उघडून दाखवलं. पहिला शब्द होता 'आठे', म्हणजे इथे. त्याखाली त्यांनी लिहिलं होतं: 'हजेरी घेताना एका मुलीने हजर म्हणण्याऐवजी आठे शे म्हटलं, म्हणून मी तिला मधल्या सुट्टीपर्यंत वर्गाबाहेर उन्हात उभं केलं. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. ती हे वाचत असेल तर तिने मला कळवावं.'

"हे असंच टाकायचं," सर म्हणाले. "शुद्धलेखन तेवढं बघ."

त्या दसऱ्याला साइट सुरू केली. दसरा हा आमच्या दुकानाचा दिवस. कीबोर्डला हळदकुंकू, मॉनिटरला झेंडूचा हार, प्रिंटरवर आपट्याचं पान. मी साइटचं नाव घेतलं आणि जागाही घेतली, एका लहानशा कंपनीकडून, दोन्ही माझ्याच नावावर. वर्षाने मुदत वाढवायची होती. मी मनाशी ठरवलं, दर दसऱ्याला पूजा झाली की पहिलं काम हेच. विसरायचा प्रश्न नाही, दसरा काही कोणी विसरत नाही.

पुढच्या वर्षी दसरा दहा दिवस अलीकडे आला. पूजा केली, त्या दिवसापासून पुढच्या वर्षभराची मुदत घेतली, आणि आपली पद्धत किती चोख आहे असं मला वाटलं.

शब्द यायला लागले होते. साइटवर एक फॉर्म होता: शब्द, अर्थ, गाव, आणि हवं तर दोन ओळी. मराठी अक्षरं तेव्हा सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर नीट दिसत नसत, म्हणून लोक रोमन लिपीत लिहायचे. नामपूरला इंटरनेट नव्हतं. मी पंधरा दिवसांनी आलेलं सगळं देवनागरीत करून छापायचो आणि पाकीट सीबीएस स्टँडवर जाऊन सटाण्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचो. सटाण्याहून ते नामपूरला कोणाबरोबर तरी पोचायचं. सर ती पानं फाइलला लावत आणि उलट टपाली चुका कळवत. एकदा त्यांनी कळवलं, 'तू अर्थ बरोबर लिहिला आहेस, पण गाव चुकीचं आहे. त्या गावात हा शब्द वापरला तर मार पडेल.'

पहिलं वर्ष मी हे नेमाने केलं. दुसऱ्या वर्षी लग्नसराईचं काम वाढलं. पाकीट महिन्याने जायला लागलं, मग दोन महिन्यांनी, मग राहूनच गेलं. शब्द साइटवर येऊन पडत होते, ते कुठे जाणार आहेत, असं मी स्वतःला सांगत होतो. त्याच सुमारास दुकानात केबलचं इंटरनेट घेतलं आणि जुन्या डायल-अपबरोबर मिळालेली मेलपेटी उघडणं सोडून दिलं. साइट घेताना मी तोच पत्ता दिला होता हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

त्या पावसाळ्यात त्या उन्हात उभ्या केलेल्या मुलीचं उत्तर आलं. सुरतेहून, मुलाच्या हातून लिहिलेलं, पाचसहा ओळींचं. मी ते दुकानात गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना घाईत वाचलं. एवढंच लक्षात राहिलं की तीच आहे आणि सुरतेला असते. मला फार आनंद झाला. इतका की हे पाकिटातून पाठवायचं नाही, आपण स्वतः नामपूरला जाऊन सरांच्या हातात द्यायचं, असं ठरवलं. या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ, असं करत श्रावण गेला, गणपती गेले.

दोन हजार चार साली श्रावण दोन होते. अधिक महिना आला की पुढचे सगळे सण लांबतात हे मला लहानपणापासून माहीत होतं. आई अधिक महिन्यात जावयाला अनारसे करायची, तेही मी खाल्ले होते. पण सण लांबला तरी कंपनीची तारीख लांबत नाही, हा साधा विचार मी केला नाही. दसरा गेल्या वर्षीपेक्षा सतरा दिवस उशिरा आला. पूजा केली, हार घातला, हात जोडले आणि मुदत वाढवायला बसलो, तर साइट उघडेना.

कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलीने शांतपणे सांगितलं की मुदत संपल्यावर चौदा दिवस थांबून आम्ही जागा रिकामी करतो, तुम्हाला तीन मेल पाठवल्या होत्या. मी जुनी मेलपेटी उघडली. तिन्ही मेल तिथे होत्या. नाव अजून सोडवता आलं. मी बनवलेली पानं दुकानातल्या कॉम्प्युटरवर होती, तीही परत चढवली. गेलं ते लोकांनी लिहिलेलं. ते मी बनवलं नव्हतं, त्यामुळे त्याची प्रत माझ्याकडे असण्याचं कारणच नव्हतं; ती घ्यायला हवी होती आणि मी एकदाही घेतली नव्हती. पहिल्या वर्षाचं सरांच्या फाइलमध्ये कागदावर होतं. दुसऱ्या वर्षाचं जवळजवळ सगळं गेलं, आणि त्यात ती पाचसहा ओळींची चिठ्ठी.

सरांना फोन करून मी सांगितलं की अमेरिकेत ज्या ठिकाणी आपली साइट ठेवलेली होती तिथे आग लागली.

सरांनी आधी विचारलं की माणसांना काही झालं नाही ना. नाही म्हणालो. मग त्यांनी विचारलं, "त्या मुलीचं काही आलं होतं का रे?"

मी नाही म्हणालो.

हो म्हटलं असतं तर पुढे विचारलं असतं, कधी आलं, काय लिहिलं होतं, मला का कळवलं नाही. ते टाळायला मी नाही म्हणालो. आगीचं खोटं मला पुढे एवढं सलत नव्हतं. हे 'नाही' मात्र सलत राहिलं. साइटवरचा फॉर्म मी बंद करून टाकला, दुरुस्ती चालू आहे अशी पाटी लावून. तो उघडा ठेवला असता तर तिने पुन्हा लिहिलं असतं आणि माझं खोटं उघडं पडलं असतं. म्हणजे शब्द एकदा मी निष्काळजीपणाने घालवले आणि नंतर दीड वर्ष जाणूनबुजून येऊ दिले नाहीत.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात कळलं की सरांना दिसायला कमी झालंय. तेव्हा मात्र मला राहवेना. सकाळची गाडी धरून नामपूरला गेलो. कांद्याचा बाजार भरात होता, स्टँडपासून ट्रॅक्टरांची रांग लागलेली. सर ओट्यावर बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दसऱ्याचं, मेलपेटीचं, आगीचं, आणि शेवटी तिच्या चिठ्ठीचं. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं, "काय व्हयनं?" मग त्या आत जाऊन चहा ठेवायला लागल्या.

"आग लागली नाही हे मला तेव्हाच कळलं होतं," सर म्हणाले. "चाळीस वर्षं पोरांची कारणं ऐकली आहेत मी. वही गाईने खाल्ली, वही नदीत गेली. तुझी अमेरिकेत जळली, एवढाच फरक."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, लाज वाटत असेल. येईल सांगायला." मग ते माझ्याकडे वळले. "तिचं आलं होतं, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. काय लिहिलं होतं, काहीच आठवत नाही?"

नाही म्हणालो. या वेळी ते खरं होतं.

मला वाटलं आता ते मला घालवून देतील. तसं केलं असतं तर मला बरंही वाटलं असतं. पण वर्गात कधी चुकूनही न आलेली बोली त्यांच्या तोंडी आली. "बठ," ते म्हणाले. "च्या ले."

चहा झाल्यावर म्हणाले, "मी माझी चूक पहिल्या पानावर लिहिली ना? आता तिच्याखाली तू तुझी लिही. आणि लोकांना सांग, परत पाठवा. त्यांच्याकडचे थोडेच जळलेत शब्द."

इतकं सोपं होतं ते. प्रत्येक शब्द ज्याचा होता त्याच्याकडे तो अजून होता. आगीची गोष्ट सांगून मी मागायचं दारच बंद करून घेतलं होतं.

नाशकात येऊन मी लिहिलं. काय झालं, कोणाच्या चुकीने झालं, सगळं, 'तांत्रिक कारणामुळे' असा शब्द न वापरता. फॉर्म उघडला. साइटचं नाव सरांच्या नावावर केलं, कारण ज्याची साइट त्याच्याच नावावर ती असावी. नामपूरला तोवर इंटरनेट कॅफे निघाला होता, म्हणून आठवणीच्या मेल दोघांकडे येतील अशी सोय केली. पासवर्ड एका कागदावर लिहून काकूंच्या डब्यात ठेवायला दिला. मुदतीची तारीख दुकानातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली, मोठ्या इंग्रजी आकड्याला गोल करून, आणि त्याच्या महिनाभर आधीच्या तारखेलाही एक गोल. दर रविवारी लोकांनी लिहिलेलं सगळं उतरवून घ्यायला लागलो. उतरवलेलं उघडतं का तेही बघायचो, कारण न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे, हे एकदा उतरवलेली फाइल रिकामी निघाली तेव्हा कळलं.

पहिल्या आठवड्यात फॉर्ममध्ये औषधांच्या जाहिरातीच भरून आल्या. आलेलं वाचल्याशिवाय साइटवर दिसणार नाही अशी व्यवस्था केली आणि वाट बघत बसलो. मग एक आलं, मालेगावहून. मग नगर, मग दुबई. काहींनी खाली टोमणे मारले होते. एकाने लिहिलं, 'हे घ्या, पुन्हा देतोय, या वेळी दसऱ्याची वाट बघू नका.' बरेच जण मागच्यापेक्षा जास्त शब्द देत होते. दोन वर्षांत त्यांनाही नवे आठवले होते, किंवा आईला विचारून त्यांनी लिहून ठेवले होते.

तिचं दिवाळीच्या आधी आलं. मुलानेच लिहिलं होतं की मागे एकदा पाठवलं होतं, उत्तर आलं नाही, तेव्हा आईला वाटलं की सर अजून रागावलेले असतील. आता तुमचं वाचल्यावर ती म्हणाली की पुन्हा पाठव. आईची स्वतःची ओळ वेगळी काढून लिहिली होती, तिने सांगितली तशीच: 'सर, आठे शे.' खाली सुरतेचा पत्ता.

या वेळी मी रविवारची वाट पाहिली नाही. दुकान बंद केलं, मोठ्या अक्षरात छापलं आणि मिळेल ती गाडी धरली. सरांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला. मग पुन्हा वाचला. काकूंना हाक मारून वाचून दाखवला आणि आपल्याला सुरतेला जायचंय, पिशवी काढून ठेव, असं सांगितलं.

मग माझ्याकडे बघून विचारलं, "याची प्रत ठेवलीस?"

"तीन," मी म्हणालो. "एक साइटवर, एक दुकानात."

"आणि तिसरी?"

"तुमच्या हातात."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि तो शर्टाच्या खिशात ठेवला, पेनाच्या मागे.