बदकापुढची जागा

चिलिका सरोवराच्या काठच्या आमच्या निम्म्या गावाचे लग्नाचे फोटो माझ्या कात्रीखालून गेलेत. मागे शिरलेला बैल काप, मेव्हण्याचं कोपर काप, यावरच माझा स्टुडिओ चालला. आता कापाकापी संगणकावर होते, पण लोक अजून मला 'कात्रीवाला बिभूती'च म्हणतात. त्यामुळे पक्षीरक्षण समितीने नव्या सभागृहात शिकार सोडलेल्या जुन्या शिकाऱ्यांनी काढलेले फोटो लावायचं ठरवलं, तेव्हा ते नीट कापून छापायचं काम माझ्याकडेच आलं.

गदाधर जाली या शिकाऱ्यांतला सगळ्यात मोठा पापी. शब्द त्याचाच. ठासणीच्या बंदुकीने त्याच्याइतके पक्षी गावात कुणी मारले नाहीत, आणि देवीसमोर शपथ घेऊन बंदूक टाकणाऱ्यांत तो सगळ्यात शेवटचा. म्हणून लोकांचा त्याच्यावर पुरता विश्वास नव्हता. शपथ सर्वांत आधी घेतलेला बनमाली बेहेरा तर चारचौघांत म्हणायचा, "करून करून भागला अन् देवपूजेला लागला." गदाधर ऐकून घ्यायचा. सभागृहाच्या भिंतीवर आपलं नाव लागावं, एवढीच त्याची आस होती.

तो पाहुण्यांना नावेतून फिरवतो. कलकत्त्याच्या एका पाहुण्याने त्याला जुना कॅमेरा दिला, तेव्हापासून रोज मावळतीला म्हातारा पाण्यावर असतो. सूर्य समोर घ्यायचा आणि पक्षी काळा उमटू द्यायचा, एवढंच त्याला येतं. पण त्याने आणलेला फोटो उघडला आणि माझा चहा गार झाला. सगळं आभाळ पिकल्या पपईसारखं आणि त्यात एकच काळं तलवार बदक, मान ताणलेली, टोकदार शेपटी, पंखाची पिसं मोजून घ्यावीत अशी.

खोट एकच होती. बदक पार उजव्या कडेला होतं. मागे आभाळच आभाळ आणि चोचीपुढे बोटभरही जागा नाही. उडत्या पक्ष्यापुढे जागा सोडावी, हे शेंबडं पोरही सांगेल. मी मागचं आभाळ कापलं आणि त्यातलाच तुकडा बेमालूम पुढे जोडला.

मी छापलेला फोटो गदाधरने पाहिला आणि हा लावू नकोस म्हणाला. मी भडकलो. तुझ्यावाचून भिंत कोसळणार नाही, असंही बोलून गेलो. मग माझा फोटो नकोच लावूस, म्हणत तो उठला. दाराशी त्याने डोळे पुसले, ते मला दिसलं आणि रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी होऊन त्याच्या नावेत बसलो. त्याने बांबूने रेटत नाव लव्हाळ्यापलीकडे नेली. सूर्य पाण्याला टेकला आणि हजारो बदकं एकदम उठली. पाणी उपटून वर गेल्यासारखा आवाज झाला. इथेच जन्मलो, इथेच पन्नाशी उलटली, पण हे मी धड कधी पाहिलंच नव्हतं. आपोआप हात जोडले गेले.

गदाधर कॅमेरा मांडीवर ठेवून बोलला. "बिभूतीभाई, पक्ष्यावर नेम धरला तर तो निसटतो. तो जिथे पोचणार, तिथे धरायचा. तू बदकापुढे जागा जोडलीस ना, तिथेच मी छर्रे सोडायचो. तीस वर्षं तीच जागा मोजली."

"आणि आता?"

"आता मोजत नाही. तो पुढे कुठे जातो, ते त्याचं त्याला ठाऊक."

घरी जाऊन मी फोटो त्याने काढला तसाच छापला.

सभागृह उघडलं त्या दिवशी समितीच्या चिटणीसाने सगळ्यांदेखत विचारलं, कात्री बोथट झाली की काय. मी हसून वेळ मारून नेली. तेवढ्यात बनमाली काठी टेकत त्या फोटोपुढे आला. खालचं नाव वाचून त्याने नाक मुरडलं. मग बदकाकडे बघता बघता त्याचा एक डोळा मिटला, उजवा हात वर आला आणि बोट चोचीच्या दीड वीत पुढे सरकलं, जुन्या सवयीनं. तिथे आभाळ नव्हतंच. बोट चौकट ओलांडून कोऱ्या भिंतीवर टेकलं.

बराच वेळ ते तिथेच राहिलं. मग त्याने हात खाली घेतला आणि मागे उभ्या गदाधरला विचारलं, "उद्या नावेत जागा आहे का रे?"