खिडकीकडची फळी

त्या गावात कोण निवडून येणार हे कळायला वर्तमानपत्र वाचावं लागत नसे. चौकातल्या इस्त्रीवाल्या काकूंच्या टपरीत डोकावलं की झालं. आत दोन फळ्या. खिडकीकडच्या फळीवर डॉक्टरांच्या माणसांचे कपडे, दाराकडच्या फळीवर ठेकेदाराच्या माणसांचे. ही काही काकूंची हौस नव्हती. बऱ्याच वर्षांपूर्वी ठेकेदाराच्या मेव्हण्याचा सदरा चुकून डॉक्टरांच्या कंपाउंडरच्या पँटीखाली सापडला होता, तेव्हा दोघांनी भर चौकात एकमेकांचे आईबाप काढले होते. दुसऱ्याच दिवशी काकूंनी दुसरी फळी ठोकून घेतली.

गाव तसं फार एकनिष्ठ. म्हणजे जो जिंकेल त्याच्याशी. निवडणूक जवळ आली की एकेक जण टपरीत येऊन घसा खाकरायचा.

"काकू, पुढच्या खेपेपासून माझे कपडे दाराकडे ठेवा."

"का हो गुरुजी? डॉक्टरांनी काय घोडं मारलं तुमचं?"

"छे छे, तसं काही नाही. खिडकीतून धूळ येते ना!"

वारं फिरलं की याच गुरुजींना दाराकडचं ऊन बाधायचं. काकू तोंडावर काही बोलायच्या नाहीत, पण घरी जाऊन जाऊबाईंना असं रंगवून सांगायच्या की दोघी पोट धरून हसायच्या. "कणा म्हणून नाही गं एकालाही," असं काकूंचं ठाम मत होतं.

यंदा मात्र हसण्यावारी न्यायची सोय नव्हती. ठेकेदाराने रस्ता रुंद करायचा विडा उचलला होता आणि टपरी नेमकी त्या रस्त्यात येत होती. डॉक्टर स्वतः येऊन सांगून गेले होते, "मी असेपर्यंत टपरीला कुणी हात लावणार नाही." नवऱ्याचे गुडघे गेलेले, जाऊबाई विधवा, तिघांचं पोट त्या एका इस्त्रीवर. काकू रोज सकाळी कोळसे फुलवता फुलवता खिडकीकडचे गठ्ठे मोजायच्या. ते दाराकडच्यापेक्षा जास्त भरत होते, म्हणून त्यांना रात्री झोप लागत होती.

मतदानाला चार दिवस असताना खिडकीकडची फळी कडकन मोडली. वाळवीने आतून पार पोखरली होती. काकूंनी धावपळ करून सगळे कपडे उचलले आणि तात्पुरते दाराकडच्या फळीवर रचले. सुताराला निरोप धाडला, तर तो म्हणाला, "मतदान होऊ द्या काकू. दोन्ही पार्ट्यांचे मंच माझ्याच गळ्यात आहेत."

सकाळी गुरुजी आले आणि दारातच थबकले. खिडकीकडे नुसती भिंत. दाराकडे छतापर्यंत कपडे.

"बापरे! सगळेच गेले?"

"अहो, वाळवी लागली होती!"

"वाळवीच म्हणायची डॉक्टरांना, दुसरं काय!" असं म्हणत गुरुजी तरातरा चालते झाले.

दुपारपर्यंत गावभर बोभाटा झाला. काकू येईल त्याला मोडकी फळी दाखवत होत्या आणि येईल तो डोळा मारून म्हणत होता, "कळलं काकू, कळलं." संध्याकाळी तर खुद्द डॉक्टरांचा कंपाउंडर आला आणि हळूच म्हणाला, "माझे दाराकडेच राहू द्या. उगाच वेगळं दिसायला नको." काकूंनी कपाळाला हात लावला.

मतदानाच्या दिवशी तिघं निघाली. वाटेत काकूंचा पाय अडखळायला लागला. सगळं गाव एकीकडे आणि आपणच तेवढे दुसरीकडे? उद्या तो निवडून आला आणि त्याला कळलं तर? आपणही त्यालाच दिलं, तर निदान तोंड वर करून सांगता येईल, टपरी वाचेल.

"ऐका," त्या नवऱ्याला आणि जाऊबाईंना म्हणाल्या, "ठेकेदारालाच देऊ."

"अगं, पण फळी मोडली होती ना?" नवरा म्हणाला.

"तुम्हाला राजकारणातलं काही कळत नाही. चला."

ठेकेदार निवडून आला. तीन मतांनी.

गावाने तोंडाने फळी बदलली होती, पण बोट बहुतेकांनी जुन्याच ठिकाणी ठेवलं होतं. कंपाउंडरने डॉक्टरांनाच मत दिलं होतं, आणि गुरुजींनीसुद्धा! जाऊबाईंनी बोटांवर एक, दोन, तीन असं मोजलं आणि काकूंकडे बघितलं.

दोन दिवसांनी ठेकेदार टपरीत आला. "काकू, मत कुणाला दिलंत?"

"तुम्हालाच. तिघांनीही."

"मला खात्रीच होती! सोमवारी तेवढी टपरी हलवा हं. आणि हा सदरा आधी करून द्या, उद्या सत्कार आहे."

काकूंच्या मनात आलं, सदऱ्याच्या पाठीवर इस्त्री तशीच ठेवून द्यावी, जळेपर्यंत. पण हाताला सवय नव्हती. सदरा कडक करून दिला.

सोमवारी टपरीचे पत्रे उतरत होते. काकू रस्त्याच्या कडेला गाठोड्यावर बसून बघत होत्या. तेवढ्यात सुतार आला, खांद्यावर नवीकोरी फळी घेऊन.

"झालो बाबा मोकळा एकदाचा! बोला काकू, कुठे ठोकू?"

"माझ्या डोक्यात ठोक," काकू म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.