मामांचा डबा आणि मामांचे कान

कोल्हापुरात जो कुणी घाईत जन्माला आला, त्याला आयुष्यात एकदा तरी आमच्या मामांच्या गाडीमागे अडकावं लागलं आहे. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. शिवाजी पेठेत राहणारे, कोर्टातून निवृत्त झालेले पण भांडणातून न झालेले वकील. आणि गाडी म्हणजे त्यांच्या वडिलांनी घेतलेली, विलायतेहून आलेली, आठ घोड्यांची एक चिमुकली काळी मोटार. मामांच्या मते त्यातले पाच घोडे कधीच पेन्शनीत निघाले, दोन आजारी रजेवर आहेत आणि उरलेला एकटा बिचारा संसार ओढतो. पेठेत तिला ‘डबा’ म्हणतात. लोक जुन्या गाड्या हौसेने बाळगतात, वर्षातून एकदा पुसून लोकांना दाखवतात. मामांचं तसं नाही. मंडईला डबा, दवाखान्याला डबा, सकाळी गंगावेशीत म्हशीचं दूध प्यायला डबा, लग्नाला डबा आणि मयतालाही डबाच. मयताला निघालेले वकील रक्षाविसर्जनाला पोचतात, असं तालमीतली पोरं म्हणतात. पण डबा ढकलायला पहिली तीच धावतात.

या गाडीला वळण्याची सूचना देणारा दिवा नाही. दाराच्या खांबातून एक पिवळा हात बाहेर येतो, वळून झालं की परत आत जातो, निदान जायला हवा. तो अडकला की मामा आतून खांबाला चापट मारतात. एकदा हा हात रंकाळ्यापासून बिंदू चौकापर्यंत तसाच बाहेर राहिला. मागचा रिक्षावाला शेवटी शेजारी येऊन ओरडला, “ओ वकील, हात आत घ्या की! सगळ्या गावाला टाटा करत निघालाय!” मामांनी त्याच गतीने, म्हणजे चालणाऱ्या माणसाला लाज वाटेल अशा गतीने, मान वळवली. “तुला न्हाय करत. तू म्होरं जा.”

देखभाल घरातच चालते आणि घरातल्याच वस्तूंनी चालते. चहाची गाळणी पेट्रोल गाळायला जाते आणि मामी नवी आणतात. ती नवीही जाते. ओले झालेले प्लग तव्याशेजारच्या शेगडीवर वाळत ठेवलेले मी पाहिले आहेत. मामींनी भाकरी उलटायची आणि मामांनी प्लग. काढलेला एकही भाग मामा टाकत नाहीत. मेलेले, अर्धमेले, सगळे बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात नांदतात. मामांचे स्नेही आणि त्या भागातले जुने मिस्त्री दिलावरभाई एकदा बॉनेटमध्ये वाकून बघत म्हणाले होते, “वकीलसाहेब, ही गाडी न्हाय, ही केस हाय. तुमच्यानंतर बी चालणार.” त्या दिवसापासून मामांनी त्यांना चहा देणं चालू ठेवलं आणि बॉनेट दाखवणं बंद केलं.

पण डब्याचं खरं रूप पाहायचं तर जोतिबाच्या डोंगरावर. गाडीच्या पहिल्या गिअरपेक्षा रिव्हर्सला जोर जास्त. म्हणून खडा चढ आला की मामा रस्त्यातच गाडी फिरवतात आणि उलटे डोंगर चढतात. गुलालाने माखलेल्या ट्रकमधून लोक “चांगभलं” ओरडताना मध्येच गप्प होतात. एकदा एसटीच्या ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून विचारलं, “पावणं, देव तिकडं हाय, तुम्ही कुठं बघताय?” मामा म्हणाले, “त्याला म्हाईत हाय मी येतोय ते.” मामींना हे मुळीच पटत नाही. चढताना देवाला पाठ, उतरताना पुन्हा पाठ! त्या खड्या वळणावर उतरतात, देवाकडे तोंड करून चालत जातात आणि आमच्या आधी पोचून नारळ घेऊन उभ्या राहतात.

डब्यात बसायचा एकच नियम होता. बोलायचं नाही. “आवाज ऐकू दे, पावणं.” मामांना गाडी डोळ्यांनी दिसत नसे, कानांनी दिसे. गंगावेशीत म्हणायचे, “डाव्या मागच्या चाकात खडा अडकलाय,” आणि खडा निघायचा. या नियमामुळे त्यांच्या गाडीत कुणी टिकत नसे. टिकलो तो मी. मी मुळात कमी बोलतो. शिरोलीच्या एका फौंड्रीच्या ऑफिसात आयुष्य गेलं. तिथे यंत्रांच्या आवाजात बोलून उपयोग नसतो आणि घरी बोलायची वेळ येत नाही. रविवारी मामा गाडी खोलायचे तेव्हा पाने-पकड धरून त्यांच्याशेजारी उभं राहायचं, ते दाखवतील ते शिकायचं आणि मग शेजारी बसून फिरायचं. असा तोंड बंद ठेवणारा जावई नशिबाने मिळतो, असं ते चारचौघांत सांगायचे. माझं न बोलणं कुणाला आवडलं असेल तर ते एवढ्या एकाच माणसाला.

गेल्या हिवाळ्यात गंगावेशीतच समोर म्हैस उभी होती. चांगली आडवी, रस्ताभर. डबा नेहमीच्या गतीने निघाला होता आणि मामा ब्रेक लावेनात. डब्यात मी पहिल्यांदा तोंड उघडलं. “म्हैस!” मामा म्हणाले, “बोलू नका,” आणि आम्ही म्हशीला जाऊन टेकलो. म्हशीला काही झालं नाही, तिने मान वळवून आमच्याकडे पाहिलं फक्त. आमचा दिवा मात्र वाकडा झाला. गवळी कमरेवर हात ठेवून म्हणाला, “वकील, म्हस काळी हाय, मान्य. पर एवढी मोठी हाय की!” सगळे हसले. मामा म्हणाले, डोळ्यांवर ऊन आलं. ऊन आमच्या पाठीला होतं.

मी कुणाला सांगितलं नाही. पण गाव सांगायला बसलेलंच होतं. मामी मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाल्या, “जावईबापू, आज म्हस हुती. उद्या कुणाचं लेकरू असलं तर? तुम्हीच कायतरी करा. माझं ऐकत न्हाईत.” सरळ जाऊन बोलायला हवं होतं. मला बोलता येत नाही, म्हणून मी केलं. इंजिनाच्या ठिणगीसाठी बोटाच्या पेराएवढी एक नळी असते, कंडेन्सर म्हणतात. मामांनी तो नुकताच नवा बसवला होता. मामा आंघोळीला गेले असताना मी तो काढला आणि त्याच्या जागी बिस्किटांच्या डब्यातला, दिसायला अगदी तसाच, मेलेला बसवला. नवा माझ्या खिशात. ज्यांनी मला हे शिकवलं त्यांच्याच गाडीवर मी माझी विद्या वापरली.

डबा खोकायचा, एक बार काढायचा आणि मरायचा. मामांनी प्लग भाजले, पेट्रोल गाळलं, हँडल मारून खांदा दुखवून घेतला. कान लावून बसायचे, काहीतरी ओठांवर यायचं, मग मान हलवायचे. मला वाटत होतं, कंटाळतील आणि गाडी सोडतील. त्यांनी गाडी सोडली नाही, बोलणं सोडलं. दूध प्यायला जाईनात. तालमीतली पोरं ढकलायला आली तर “ऱ्हाऊ दे” म्हणून आत गेले. काही आठवड्यांनी मामींनीच मला पुन्हा बोलावलं. “भांडत सुदीक न्हाईत ओ. काल आमटीत मीठ न्हवतं, गपचिप जेवले.”

मी बाहेर गेलो. मामा पायरीवर बसले होते, दोन्ही कानांत तेलाचे बोळे घालून. कानाच्या डॉक्टरकडे जायचं ठरवलं होतं त्यांनी. मी हळू आवाजात म्हणालो, “मामा, कंडेन्सर मी बदललाय.” त्यांनी नुसतं बघितलं. मी पुन्हा म्हणालो. त्यांनी कानाकडे बोट दाखवलं. शेवटी, ज्या माणसाने जन्मात आवाज चढवला नाही तो मी, भर गल्लीत ओरडलो, “मामा! तुमच्या गाडीचा कंडेन्सर मी काढला! मुद्दाम!” समोरच्या टेलरने मशीन थांबवलं. मी खिशातून नळी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

मामांनी एक बोळा काढला. मग दुसरा. “म्हंजी त्यो आवाज कंडेन्सरचाच हुता?”

“हो.”

“मला पैल्याच दिवशी ऐकू आलतं! कान सांगत हुता कंडेन्सर, कंडेन्सर. मी म्हटलं, नवा तर बसवलाय, कानच गेला.” आणि उठून आत वळून गर्जले, “अगं ए, ऐकलंस का! कान शाबूत हायत माझं! आनि आमटीत मीठ घाल जरा!”

त्यानंतर त्यांनी मला जे झापलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सगळी गल्ली ऐकत होती आणि मला इतकं हलकं वाटत होतं की मी हसत होतो, त्यामुळे आणखी झापलं. दमल्यावर पायरीवर बसले आणि नळी बोटांत फिरवत म्हणाले, “म्हस दिसली न्हवती मला. वर्षभर कडंचं कायबी दिसत न्हाय, समोरचं बी धुरकटच. म्हाईत हाय मला. कानावर चालवत हुतो. म्हणून कान गेला म्हटल्यावर...” मग त्यांनी किल्ली काढली आणि माझ्याकडे न बघता पुढे केली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर येणार नाही, औषधं घातली तर उरलेली राहील, एवढं म्हणाले. डबा आता मी चालवतो. मामा शेजारी डोळे मिटून बसतात आणि माझा प्रत्येक गिअर ऐकून कपाळावर आठी आणतात. पिवळा हात अडकला की चापट मात्र तेच मारतात.

गेल्या रविवारी जोतिबाला गेलो. मामी वळणावर उतरल्या आणि पुढे निघाल्या. मी गाडी फिरवली, रिव्हर्स टाकला. उलटं चढताना एक गोष्ट होते, ती इतकी वर्षं शेजारी बसून मी कधी सांगितली नव्हती. ज्या गावातून निघालो ते सबंध समोर राहतं आणि हळूहळू लहान होत जातं. मी नियमाप्रमाणे गप्प होतो. इंजिन ठीक बोलत होतं. थोड्या वेळाने मामांनी डोळे उघडले, समोरच्या काचेकडे बघितलं आणि पुन्हा मिटले.

“ऊस तुटलाय का खाली?” त्यांनी विचारलं.

“थोडा तुटलाय. गुऱ्हाळाचा धूर दिसतोय.”

“आनि नदी?”

“दिसते. अर्धी.”

मी मान वळवून मागचं वळण बघितलं. डबा घुरघुरत मागे मागे वर चालला होता.

“गप का बसलाय?” मामा म्हणाले. “बोला की, पावणं.”