रिकामी पिशवी परत द्यायची नाही

परमेश्वराने माणसाला दोन हात दिले ते पिशव्या धरायला, आणि खांदे दिले ते हात भरल्यावर उरलेल्या पिशव्या अडकवायला, असं आमच्या वन्संचं ठाम मत आहे. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. माहेर शिरगावचं, सासर केळव्याचं आणि मधला सगळा मुलूख पिशव्यांचा. त्या केळव्याहून आमच्याकडे बोईसरला यायला निघाल्या की एसटीचा कंडक्टर आधी पिशव्या चढवून घेतो, मग त्यांना. स्वतःला बसायला जागा मिळाली नाही तरी तक्रार नाही. पिशव्यांना मिळाली म्हणजे झालं. नारळाची पिशवी, विड्याच्या पानांची पिशवी, केळफूल आणि शेवग्याच्या शेंगांची लांबोडकी पिशवी, आणि सातपाटीच्या कोळणीकडून घेतलेल्या सुकटीची एक वेगळी, तोंडाला गच्च गाठ मारलेली. ती मांडीवर घ्यायची नाही की पानांजवळ ठेवायची नाही, तिला खिडकीशी बसवायची.

या पिशव्या विकतच्या नसतात बरं का. विकतच्या पिशवीला वन्सं पिशवीच मानत नाहीत. परकर विरला की पिशवी, पडदा उसवला की पिशवी. माझा नवरा तारापूरच्या ज्या कारखान्यात नोकरीला आहे तिथली खाकी पँट गुडघ्यावर फाटली की तिच्या दोन तंगड्यांच्या दोन पिशव्या होतात, आणि कापडाचा तुकडा वाया जाऊ नये म्हणून वरचा खिसाही तसाच ठेवलेला असतो. भाजीवाल्याने मोड दिली की वन्सं ती पिशवीच्या खिशात टाकतात, आणि माझा नवरा उगाच स्वतःच्या मांडीला हात लावून बघतो. चारचौघांच्या घरी दाराआड पिशव्यांची पिशवी असते. वन्संकडे अशा पिशव्यांच्या पिशव्या ठेवायला एक गोणपाटाची मोठी पिशवी आहे. फाटली तर शिवायची, विरली तर दुसऱ्या पिशवीला अस्तर लावायची, पण टाकायची नाही.

आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे रिकामी पिशवी परत द्यायची नाही. मी नाशिककडची. नवी नवरी होऊन आले तेव्हा वन्संनी आणलेले नारळ काढून घेतले आणि त्यांची पिशवी छान धुऊन, वाळवून, घडी घालून त्यांच्या हातात दिली. मला वाटलं, सूनबाई किती टापटिपीची म्हणून कौतुक होईल. वन्सं उंबऱ्यावरच थांबल्या. "बाय, रिकामी पिशवी देऊ नये. देणाऱ्याला बरं नाय, घेणाऱ्याला बरं नाय." मग स्वतःच आत गेल्या, माझ्याच डब्यातले मूठभर तांदूळ पिशवीत घातले, पिशवी माझ्या हातात दिली आणि माझ्याकडून परत घेतली. "हां, आता दिलीस." तेव्हा मला हसू आवरेना. आता मीही तशीच झाले आहे, हा भाग वेगळा.

हा नियम फक्त नातेवाइकांना लागू असता तर एक वेळ चाललं असतं. पालघरच्या साडीच्या दुकानदाराने दिलेली पिशवी वन्संनी पुढच्या खेपेला त्याला परत नेऊन दिली, आत वाडीतल्या झाडाचे डझनभर जाम. तो बिचारा साडी बदलून मागायला आल्या असं समजून आधी "मावशी, बदलून मिळणार नाही" म्हणाला आणि मग जाम बघून गप्प झाला. औषधाच्या दुकानात तर त्यांनी गोळ्यांची एवढीशी कागदी पिशवी अळूची पानं कोंबून परत केली. आता तो दुकानदार त्यांना गोळ्या हातातच देतो.

वन्संना मूल नाही. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. त्यांच्या आळीतली निम्मी पोरं त्यांच्या ओटीवर वाढली, माझ्या दोन्ही बाळंतपणांत मुलांना पहिली अंघोळ त्यांनीच घातली. कुणी खोचून बोललं तर वन्सं त्याच्याही पिशवीत दोन नारळ जास्त घालायच्या. मला त्याचा राग यायचा. अहो, असल्या माणसांना नारळ कसले, करवंट्या द्या म्हणायचे मी. वन्सं नुसत्या हसायच्या.

आता आपल्या भाषेची कमाल बघा. बायकांच्या पोटात जे असतं त्याला डॉक्टर काय वाटेल ते म्हणोत, आपण पिशवीच म्हणतो. वन्सं पन्नाशीच्या जवळ आल्या आणि पाळी जाण्याऐवजी उतू जायला लागली. महिन्यातले निम्मे दिवस अंगावरून जायचं. आम्हाला पत्ता नाही, कारण सांगतील तर त्या वन्सं कसल्या! एक दिवस पालघरच्या एसटी स्टँडवर मी त्यांना घ्यायला गेले तर पायरीवर बसल्या होत्या, भोवती पिशव्या, चेहरा सोललेल्या बटाट्यासारखा पांढरा. "काय नाय गं, पाय जरा भरून आले." मी पिशव्या रिक्षात टाकल्या, वन्संना टाकलं आणि थेट डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकी, पिशवीत गाठी आहेत. एक लिंबाएवढी आहे." वन्संनी लगेच विचारलं, "कुठलं लिंबू? कागदी की इडलिंबू?" बागायतदारीणबाईंपुढे फळांची मापं सांगताना जपून सांगावीत, हे त्या बाईंना काय ठाऊक! पिशवी काढावी लागेल, फार लांबवू नका, रक्त फारच कमी आहे, असं त्यांनी निक्षून सांगितलं. वन्संनी मान डोलावली आणि लांबवायला सुरुवात केली. आधी गणपती आले. गणपती गेले तर पितरं आली. पितरांत कसलं ऑपरेशन, म्हणून नवरात्र. मग नारळ उतरवायचे होते, मग सुपारी सोलायची होती, मग चुलतदिराच्या मुलीचं लग्न. मध्येच कुणीतरी गाठ विरघळते म्हणून काढा दिला. काढ्याने वन्संची भूक वाढली आणि गाठीचीही. पुढच्या तपासणीला लिंबाची मोसंबी झाली होती, त्याच्या पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता शहाळ्याएवढी आहे, काकी. आता मी ऐकणार नाही. रक्त चढवू आणि काढून टाकू. जीवाला धोका आहे. आणि तसाही आता तिचा तुम्हाला काही उपयोग नाही."

बाई चांगल्या मनाने बोलल्या. रोज दहा जणींना सांगत असतील. पण वन्संनी हातातली पिशवी उचलली आणि सरळ बाहेर पडल्या. आम्ही केळव्याची एसटी धरली. पालघरजवळच्या माहीमच्या पुढे माडांच्या वाड्या लागल्या तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "उपयोग नाय म्हणे. मी कुठली पिशवी टाकली हाय का आजवर?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गणपती, पितरं, सुपारी, सगळी बतावणी होती. ती एकच पिशवी त्यांच्याकडे अशी होती की जिच्यात कधी काही पडलं नव्हतं, आणि ती तशीच द्यायला त्यांचा हात होत नव्हता. माझ्यासारखी तोंडाळ बाई, पण मी नुसती तिकिटाच्या घड्या घालत बसले.

बोलले ते आमचे नणंदावे. हे गृहस्थ म्हणजे वाडीतल्या माडाइतकेच बोलके. लग्नात नाव घेताना जे बोलले तेवढंच, असं माझा नवरा म्हणतो. मी ओटीवर बसून सगळं सांगत होते आणि ते खाली मान घालून पानाच्या जुड्या बांधत होते. वन्सं आतून ओरडल्या, "मी नाय काढायची, सांगून ठेवते!" त्यांनी जुडी खाली ठेवली. "पिशवी गेली त जाऊ दे," ते म्हणाले. "तू गेलीस त मी पान कोणाच्या हातचं खाऊ?"

आतला भांड्यांचा आवाज थांबला. वन्सं दारात आल्या, पदराने हात पुसत त्यांच्याकडे बघत राहिल्या. "एवढं बोलता येतं तुमाला?" म्हणाल्या. आणि मग लगेच, "बाय, ती मोठी निळी पिशवी काढ खाली. दवाखान्याची तयारी नको का करायला?"

तयारी म्हणाल तर मुलीच्या लग्नाची करावी तशी. नवऱ्यासाठी डाळीची पिशवी, तांदळाची पिशवी, वाटणाच्या खोबऱ्याची पिशवी, आणि प्रत्येकीत कुकरच्या किती शिट्ट्या घ्यायच्या याची तोंडी परीक्षा. नणंदावे दोनदा नापास झाले. दवाखान्यासाठी एक पिशवी नर्सना, एक आयाबाईंना, एक डॉक्टरीणबाईंना, तिच्यात मुद्दाम कागदी लिंबू, इडलिंबू, मोसंबी आणि वर एक शहाळं. रक्त चढवत होते तेव्हा लटकत्या पिशवीकडे बघून म्हणाल्या, "ह्यांची रिकामी झाली की आपण काय घालून द्यायचं गं?" मी म्हटलं, "वन्सं, गप्प पडा."

ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी दार किलकिलं करून नातेवाइकांना दाखवायला बोलावलं, तर माझा नवरा आणि नणंदावे दोघंही एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. मी गेले. ट्रेमध्ये ती होती. खरंच शहाळ्याएवढी. तपासणीला द्यायची म्हणून बरणीत घातली आणि बरणी एका काळ्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीतून माझ्या हातात दिली. वन्संची पिशवी आणि प्लॅस्टिकमध्ये? मला सहन होईना. माझ्या पर्समध्ये त्यांनीच शिवलेली खाकी पिशवी होती, खिशाची. बरणी तिच्यात नीट उभी ठेवली आणि दोन्ही हातांनी धरून लॅबपर्यंत चालत गेले. रस्त्यात दोन रिक्षावाल्यांनी विचारलं, मी नको म्हटलं. लॅबवाल्या मुलीने पिशवीसकट बरणी ठेवून घेतली.

टाके निघेपर्यंत आणि नंतरही वन्संना मी बोईसरलाच ठेवलं, कारण घरी गेल्या असत्या तर तिसऱ्या दिवशी डोक्यावर केळीचा घड. तीन महिने वजन उचलायचं नाही, असा हुकूम. वन्संना वजन उचलू नका म्हणजे मला बोलू नका म्हटल्यासारखं. एकदा लाल भोपळा उचलताना पकडलं तर म्हणतात, "उचलत नव्हते, बघत होते पिकलाय का." माझी मुलगी पहाऱ्यावर, मी पहाऱ्यावर. मग बसल्या जागी त्यांचा दरबार भरायला लागला. आमच्या इमारतीत एवढ्या बायकांच्या पिशव्या निघाल्या आहेत, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. जी येई ती दार लोटून म्हणे, "माझी पण काढली," आणि मग प्रत्येकीच्या गाठीचं फळ निघे. माझा नवरा कामावरून आला की सगळ्या एकदम आमटीच्या मसाल्यावर बोलायला लागत.

शेजारची बिहारी भाभी आली तेव्हा वन्संनी आपल्या हिंदीत सांगितलं, "मेरा पिशवी निकाल लिया." भाभी पिशवी म्हणजे थैली एवढंच मराठी शिकलेली. "हाय राम! किसने निकाल लिया? रिक्शा में?" "नाय, दवाखाने में." "अस्पताल में चोरी! कुछ था उसमें?" "गाठ था," वन्सं म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी शहाळ्याचं माप दाखवलं. भाभी मटकन खालीच बसली. "इतना बड़ा गाँठ! पुलिस में नहीं बोले?" मी समजावून सांगेपर्यंत वन्संवर पोटाशी उशी दाबून धरायची वेळ आली. हसलं की टाके ओढायचे.

आणि पिशव्या यायला लागल्या. आजवर वन्संनी ज्यांच्या ज्यांच्या दारात पिशवी पोचवली होती, त्यांच्यातलं कोण ना कोण रोज दारात उभं. आळीतली पोरं, आता मिशा फुटलेली, पोह्यांची आणि केळ्यांची पिशवी घेऊन. सातपाटीची कोळीण ताज्या बोंबलांची घेऊन. "मावशीला कालवण करून घाल, ताकद येल," असा मला दम देऊन गेली. पालघरचा साडीवाला सुद्धा आला, त्याच दुकानाच्या पिशवीत डाळिंबं घालून. वन्सं प्रत्येक पिशवी मांडीवर घेऊन आत हात घालून बघायच्या, आणि मग मला हुकूम, "त्यांची पिशवी रिकामी देऊ नकोस हां." माझ्या डब्यांतले तांदूळ संपत आले.

मग तपासणीचा कागद आणायला मी पालघरला गेले. लॅबवाल्या मुलीने कागद दिला आणि आठवणीने ती खाकी पिशवीही दिली, रिकामी, घडी घातलेली. मी तिथेच उभी राहून कागद वाचला, आणि पिशवीत घालून घरी आणला. वन्संनी आत हात घातला, कागद काढला. "काय लिवलंय?"

"सगळं चांगलं आहे, वन्सं. साधी गाठ होती. घाबरायचं काही नाही."

त्यांनी देवाकडे बघून हात जोडले. मग पिशवी मांडीवर पसरली, इस्त्री केल्यासारखी तळहाताने सपाट करत राहिल्या. दुपारची वेळ होती, दरबार अजून भरला नव्हता.

"ह्याच्यातनंच नेलीस ना?"

"हो."

"जन्मभर कोणाची पिशवी रिकामी परत नाय दिली, बाय," त्या हळूच म्हणाल्या. "देवाची तेवढी एक दिली."

माझी जीभ, ती थोडीच ऐकते. "रिकामी कुठे हो, वन्सं?" मी म्हटलं. "चांगलं शहाळं घालून दिलंत की."

त्यांनी मान वर केली. मला वाटलं, गेलं, आता रडतील. आणि एकदम त्यांना हसू फुटलं. "मेले, हसवू नकोस, टाके तुटतील!" म्हणत उशी शोधायला लागल्या. उशी सापडेना, म्हणून मीच त्यांच्या पोटाशी हात घट्ट धरला. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि हसू थांबल्यावरही येत राहिलं. मी हात काढला नाही.

आता वन्सं बऱ्या आहेत. चेहऱ्यावर लाली आली आहे, बोईसरला येतात, पण जड पिशव्या नणंदाव्यांच्या हातात आणि पानांची तेवढी स्वतःच्या. ती खाकी पिशवी मात्र मी परत द्यायला गेले तर त्यांनी घेतली नाही. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडं," म्हणाल्या. ती माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते. आत मूठभर तांदूळ आहेत.