सहीआधी एक नमुना

मी आज जो काही आहे, तो देवस्थळी मॅडमांमुळे. त्या गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर सह्यांचा गठ्ठा होता. "दादा, आई गेली," त्यांची मुलगी मुग्धा म्हणाली. हातातलं पेन कुठे ठेवायचं, हेही सुचेना... याला आता महिना होऊन गेला.

माझे वडील तुर्भ्याच्या मार्केटमध्ये माथाडी. मी दहिवडीला शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. महाप्याच्या एका औषध कंपनीत लागलो तेव्हा मॅडम तिथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. दिवसभर कागदांत बुडालेल्या. पण त्यांचा एक नेम होता. सह्यांच्या गठ्ठ्यातला कोणताही एक अहवाल ओढायचा, त्याचा नमुना मागवायचा आणि स्वतः प्रयोगशाळेच्या ओट्याशी स्टुलावर बसून चाचणी पुन्हा करायची. आकडा जुळला, मगच सह्या. "कागदावर सगळीच औषधं चांगली असतात रे," म्हणायच्या.

माल पाठवणारे कदम वैतागायचे. "मॅडम, गाडी गेटवर उभी हाय!"

"कदम, हे सिरप तुमच्या नातवाला द्यायचंय असं समजा आणि बसा."

"नातू कुठला? इथं पोराचं लग्न जमंना!"

ब्युरेटच्या काचेच्या नळीतून रसायन थेंब थेंब सोडायचं आणि खालचं नमुन्याचं द्रावण फिकट गुलाबी झालं की थांबायचं. एक थेंब जास्त झाला की चाचणी वाया. एका सकाळी मॅडमांचा हात थरथरला, रंग गडद झाला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. कदम दारात घड्याळ बघत होते. मला वाटलं, आता सही करतील. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "तू कर. मी बघते." आकडा जुळला, गाडी गेली. पण थोड्याच दिवसांत त्यांनी पद सोडलं. "जे हातानं करता येत नाही, त्यावर सही कशी करू?" आणि जाताना माझं नाव सुचवलं.

त्यांची खुर्ची माझ्याकडे आली, तेव्हापासून एक भीती आहे. कागद वाढतच जातात. आज राहू दे, उद्या बघू, असं रोज मनात येतं, आणि आपला हात हे काम केव्हा विसरेल ते कळणारही नाही... नेरूळला त्यांच्या घरी गेलो की त्या आधी माझी बोटं बघायच्या. रसायनांचे काळे डाग शोधायच्या. "नुसती शाईच दिसतेय!"

पुढे त्यांना फोनवर बोलणं जड जाऊ लागलं, म्हणून मी पत्र लिहिलं. मुग्धानं ते वाचून दाखवलं. "परत वाच म्हणाली, दादा. कदमांचं आलं तेव्हा हसली." त्याच आठवड्यात त्या गेल्या. ते पत्र असं होतं :

'आदरणीय मॅडम,
आज बाहेरचे तपासनीस येणार होते. टेबलावर कागद मावत नव्हते, गेटवर गाडी उभी होती. एका दिवसानं काय बिघडतंय, असं म्हणून मी पेन उघडलं. मग उठलो आणि तुमच्या स्टुलावर जाऊन बसलो. हात थरथरत होता, तुमच्यासारखा नाही, भीतीनं. पहिला नमुना वाया गेला. दुसरा जमला, आकडा जुळला. कदम म्हणाले, "बाई घरी बसल्या, पण खोड इथंच ठेवून गेल्या." बोटाला डाग पडलाय. धुतला नाही. रविवारी दाखवायला येतो.'