बॅगवालीची शेवटची पानं

माझी मावशी कादंबरी मागून उघडते. हातात पुस्तक आलं की आधी शेवटचं पान काढायचं, चष्मा नाकावर ढकलायचा आणि नायक-नायिका एकत्र आहेत ना, एवढं बघायचं. असतील तर पुस्तक घरी येतं. नसतील तर ते होतं तिथे परत जातं आणि लिहिणारा माणूस मावशीच्या मनातून कायमचा उतरतो. "तीनशे पानं आपल्याला झुलवायचं आणि शेवटी ताटातूट करायची. मग बोलावलं कशाला वाचायला?" असं ती विचारते.

तिचं बायकांचं पार्लर आहे. दोन खुर्च्या, एक तिची, एक माझी. दाराशी एक फळी आहे, तिच्यावर फक्त प्रेमकथा. एक ठेवा, एक न्या. केस कापताना किंवा रंग मुरेपर्यंत थांबताना आमच्याकडे राजकारण निघत नाही, सासवा निघत नाहीत, नायक निघतात. नर्सताईंना डॉक्टर नायक चालत नाही. "दिवसभर तेच बघते मी," म्हणतात. बँकवाल्या काकूंना नायक विधुर लागतो आणि त्याला निदान एक मूल लागतं. मला भांडणारी जोडपी आवडतात. पहिल्या पन्नास पानांत एकमेकांवर ओरडली नाहीत तर मी पुस्तक मिटते. मावशीला काहीही चालतं, फक्त शेवटी दोघं हवीत.

यामागे कारण आहे, ते सांगूनच टाकते. मावशी बाविशीत असताना एका माणसाबरोबर दुसऱ्या गावी जाऊन लग्न करणार होती. ठरल्या दिवशी ती बॅग घेऊन बसस्टँडवर उभी राहिली. तो आला नाही. संध्याकाळी माझी आई गेली आणि तिला घरी घेऊन आली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मावशी पुस्तकं फुंकून वाचायला लागली.

आता राणीबद्दल. लोक जिला प्रेमकथांची राणी म्हणतात अशी एक लेखिका आहे. तिची नवी कादंबरी आली की पुस्तकांच्या दुकानात काचेमागे तिचेच ढीग लागतात. आमच्या फळीचाही एक कोपरा तिचाच. मावशीने तिचं पहिलं पुस्तक उचललं, शेवटचं पान काढलं, तर एक बाई बॅग घेऊन बंदरावर एकटी उभी. दुसरं काढलं. बाई, बॅग, बंद दार. तिसऱ्यात बाई बॅगेवर बसून रडत होती. मावशीचा चेहरा असा उतरला की त्या दिवशी ती माझ्याशीही धड बोलली नाही. त्यानंतर तिने राणीचं नाव बॅगवाली ठेवलं आणि तिचं एक अक्षर वाचलं नाही.

पण हे चारचौघींत बोलायची सोय नव्हती. प्रेमकथा वाचणारी बाई आणि राणी वाचलेली नाही, असं कुठे असतं का? त्यामुळे कुणी विषय काढला की मावशी कात्री चालवत म्हणायची, "राणी ती राणीच." झाकली मूठ सव्वा लाखाची. गंमत म्हणजे एवढ्यावर भागायचं. समोरची डोळे मिटून "अगदी, अगदी" म्हणायची आणि गप्पा दुसरीकडे वळायच्या.

शेजारी, भिंतीला भिंत लागून, चष्म्यांचं दुकान आहे. चष्मेवाले मावशीहून दोन-तीन वर्षांनी मोठे, लग्न न केलेले, आणि इतके शिस्तीचे की औषधाबरोबरचा कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय गोळी घेत नाहीत. ते दर आठवड्याला आमच्या दारात यायचे, आत पाय न टाकता फळीवरून राणीचं एक पुस्तक घ्यायचे आणि म्हणायचे, "आईसाठी हं."

"न्या की," मावशी म्हणायची. "राणी ती राणीच."

त्यांचे कान लाल व्हायचे. आईसाठी पुस्तक नेणाऱ्या माणसाचे कान लाल का होतात, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी पडले भांडणं शोधणारी.

मग एका शनिवारी त्यांच्या आईच केस कापायला आल्या. मी सहज विचारलं, "आजी, राणीचं आता कुठलं चाललंय?"

"मी कशाला वाचू? मला गोष्टींची आवडच नाही," आजी म्हणाल्या. "आमचा मुलगा वाचतो. जेवताना वाचतो. परवा तर रडत होता. काय झालं विचारलं, तर म्हणे चष्म्याचा नंबर बदललाय."

मावशीची कात्री हवेतच थांबली.

आजींनी घरी जाऊन सगळं सांगितलं असणार, कारण संध्याकाळी चष्मेवाले आले आणि या वेळी त्यांनी पाय आत टाकला. "पुस्तकं आईसाठी नव्हती," ते म्हणाले. "तुम्हाला राणी एवढी आवडते, तर म्हटलं आपणही वाचावी, म्हणजे तुमच्याशी बोलायला काहीतरी होईल. सगळी वाचून झाली, पण बोलणं काही सुरू झालं नाही." मग एका दमात, "तुम्ही माझ्याशी लग्न कराल का? घाई नाही. सोमवारी सांगितलंत तरी चालेल."

मी टॉवेल तोंडात कोंबला म्हणून बरं, नाहीतर ओरडलेच असते. मावशी मात्र पांढरी पडली. ते गेल्यावर ती खुर्चीत बसली.

"माणूस चांगला आहे गं. मला आवडतो, खोटं कशाला बोलू? पण तो ज्या बाईला मागणी घालतोय ती मी नाहीच. ती बॅगवाली वाचते."

"मग सांग ना त्यांना तसं."

"आणि तो फिरला मागे, तर?"

मला तो बसस्टँड आठवला.

पण मावशीच्या पोटात काही राहत नाही. रविवारी सकाळी बँकवाल्या काकूंच्या डोक्याला रंग लावून झाला आणि तिने आरशाकडे बघत सांगून टाकलं, "मी राणीचं एकही पुस्तक वाचलेलं नाही."

मला वाटलं, आता काही खरं नाही. डोक्याला रंग लावलेली बाई उठून जाऊ शकत नाही, एवढाच आधार होता. काकू हळूच म्हणाल्या, "मी पण नाही."

"अहो, तुम्ही तर अगदी, अगदी करता."

"तुम्ही राणी ती राणीच म्हणता, मग मी दुसरं काय म्हणणार? तिच्याकडे विधुर नसतात असं ऐकलं होतं, म्हणून हात लावला नाही."

कोपऱ्यातल्या बेसिनवर नर्सताई डोकं मागे टाकून, कपाळभर फेस घेऊन पडल्या होत्या. तिथून आवाज आला, "मीही नाही वाचली. तुम्ही दोघी एवढं बोलायचात, मला वाटलं मला सगळं माहीतच आहे."

"आम्ही काय बोललो?" मावशीने विचारलं.

नर्सताईंना काही आठवेना. आता राहिले मी. मावशीचा त्या दिवशीचा चेहरा बघून मलाही कधी धीर झाला नव्हता. म्हणजे फळीवरचा अख्खा कोपरा एवढी वर्षं एकट्या चष्मेवाल्यांनी वाचला, आणि आम्ही चौघी नुसत्या माना डोलवत होतो. आम्ही इतक्या हसलो की काकूंचा रंग ओघळला आणि एक भुवई तपकिरी झाली. मग चष्मेवाल्यांच्या मागणीचंही सांगून झालं. "विधुर नाही, मूल नाही," जाता जाता त्या मावशीला म्हणाल्या, "तरी पण हो म्हणा."

सोमवारी पार्लर बंद असतं. मावशी राणीचं एक पुस्तक छातीशी धरून चष्म्याच्या दुकानात गेली आणि तिला सोबत हवी म्हणून, म्हणजे मला राहवेना म्हणून, मीही गेले. एक गृहस्थ नंबर तपासायला आले होते, एका डोळ्यावर झाकण धरून भिंतीवरची अक्षरं वाचत होते. मावशीने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"मी हिचं काही वाचलेलं नाही," ती चष्मेवाल्यांना म्हणाली. "उगाच आवडते म्हणत होते. खरं तर मला तिचा राग येतो. प्रत्येकीला शेवटी बॅग देऊन एकटीला उभी करते. मी राहिलेय तशी उभी, मला ते वाचायचं नाही. आता तुम्हाला शब्द मागे घ्यायचा असेल तर घ्या."

चष्मेवाले भलत्याच गोष्टीत अडकले. "एकटी? कुठे? शेवटी सगळी जोडपी एकत्र येतात. म्हणून तर मी रडतो."

हातच्या काकणाला आरसा कशाला? मावशीने शेवटचं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते वाचलं, मग एकेक पान मागे उलटत गेले आणि एका जागी बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरात छापलं होतं, "वाचकांसाठी, आगामी कादंबरीचं पहिलं प्रकरण".

"तिच्या प्रत्येक पुस्तकाच्या मागे पुढच्याची थोडी सुरुवात छापतात," ते म्हणाले. "तिच्या नायिका घर सोडून निघतात, तिथूनच गोष्ट सुरू होते. तुम्ही वाचलेत ते शेवट नव्हेत हो."

मग त्यांनी त्याच्या आधीचं पान उघडून दिलं. त्यावर दोघं होती, आणि फारच एकत्र होती. मी मावशीच्या खांद्यावरून दोनदा वाचलं.

मावशी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. गृहस्थांनी विचारलं, पुढची ओळ वाचू का?

"आणि आपलं?" मावशीने पदराने डोळे पुसले. "आपलं शेवटी काय होणार, ते आधी सांगा."

"ते मला नाही माहीत," चष्मेवाले म्हणाले. "मी पहिल्या पानापासून वाचणारा माणूस. पण मी कुठेही वेळेच्या आधी पोचतो, एवढं कुणालाही विचारा."

मावशीने पुस्तक मिटलं आणि ती म्हणाली, "बरं." चष्मेवाले तसेच उभे राहिले. "बरं म्हणजे हो," मी सांगितलं, आणि सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या झाकणवाल्या गृहस्थांनी.

लग्न नोंदणीच्या कचेरीत करायचं ठरलं. त्या सकाळी मी मावशीच्या घरी पोचले तर ती खाली पायरीवर उभी. हातात बॅग, एकटी, नजर रस्त्याकडे.

"मावशी, कधीची उभी आहेस? आले नाहीत का ते?"

"त्यांना येऊन अर्धा तास झाला," मावशी म्हणाली. "वर बसलेत, माझ्या नव्या मिक्सरची माहितीपुस्तिका वाचतायत. मलाच जरा असं उभं राहून बघायचं होतं."

आणखी थोडा वेळ ती तशीच उभी राहिली. मग त्यांना बोलवायला वर गेली आणि बॅग मला धरावी लागली.