बाबाच्या तळव्यावरची गाठ

मंडळी, आत्ताच गोंदियाहून घरी आली, अन् आधी तुमालेच सांगून राह्यली.

माझे बाबा भरवेलीच्या खाणीतून रिटायर झालेले. दोन वर्षांपासून त्यांच्या पायाच्या तळव्यावर एक लाल गाठ होती. आम्ही तिले कुरूप समजलो. मेडिकलमधून पट्ट्या आणून मीच लावत होती. मागच्या महिन्यात चालता चालता तिच्यातून रक्त आलं.

गोंदियाच्या चामडीच्या डॉक्टर बाई पाहूनच म्हणाल्या, "हे कुरूप वाटत नाही. तुकडा काढून तपासू." त्या दिवसापासून घरात कॅन्सर हा शब्द कोणीच काढला नाही.

आज रिपोर्ट आला. घामाच्या ग्रंथीची गाठ निघाली. क्वचितच होते, पण कॅन्सर नाही. छोट्या ऑपरेशननं पूर्ण निघते.

बाबांनी हळूच विचारलं, "म्हणजे पाय राहते ना माझा?"

"हौ काका, राहते," बाई म्हणाल्या. बाबांनी तिथंच डोळे पुसले. मी त्यांले रडताना पहिल्यांदा पाहिलं.

दोन वर्षं पट्टी लावली, पण डॉक्टरले दाखवाचं मले काहून नाही सुचलं? तुमच्या घरी कोणी अशी जुनी गाठ घेऊन चालून तर नाही राह्यलं?